दोरी सोडायला अण्णाच हवेत

आदरणीय अनंत महादेव पाटील, म्हणजे पेणपासून रोह्यापर्यंतच्या वाड्यावाड्यांवरचे अण्णा, यंदा पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख द्या, असं संपादक मंडळाने मला कळवलं, तेव्हा पत्राखाली एक ओळ जादा होती : 'लेखनात संयम असावा.' ही ओळ बाकी कुणाला गेलेली नाही, मी चौकशी केली. मला ओळखणाऱ्या कुणीतरीच ती घातली असणार. असो. संयमाने लिहिते.

अण्णांची आणि माझी पहिली भेट कोंडवाड्याच्या दारात झाली. मी मूळची पेणची. ग्रामसेविका म्हणून निडी स्टेशनच्या पलीकडच्या एका ग्रामपंचायतीत नुकतीच बदलून आले होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. श्रावणाचे दिवस होते, भाताची लावणी नुकती आटपली होती. सकाळीच चार शेतकरी तणतणत कचेरीत आले. आदिवासी वाडीवरची गुरं त्यांच्या लावणीत शिरली होती आणि चार वाफे तुडवून गेली होती. माझं डोकं तापायला एवढं पुष्कळ झालं. मी पंचायतीचा जुना कोंडवाडा साफ करून घेतला, दहा जनावरं आत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून मोठ्या रुबाबात खुर्चीत येऊन बसले.

अकराच्या सुमाराला दारात एक गृहस्थ उभे राहिले. काटकुळी अंगलट, पांढरा शर्ट, एका हातात छत्री आणि खांद्यावर चक्क गवताचा भारा. मागे वाडीवरची एक बाई होती, जनीबाई. कोंडलेल्यांतल्या दोन गायी तिच्या. मला वाटलं, आता भांडण. मी पदर खोचला. पण गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, जनावरं कोंडलीत, तुमचा अधिकार आहे. पण कुलूप लावल्यापासून ती तुमच्या ताब्यात. पाणी पाजलंत?"

"शिपाई पाजेल," मी म्हटलं.

"शिपाई शेतावर गेलाय. मी वाटेत त्याला भेटूनच आलो."

मग काय! हातपंपावरून बादल्या भरभरून मी दहा जनावरांना पाणी पाजलं. तिसऱ्या बादलीला साडी गुडघ्यापर्यंत भिजली. सहाव्या बादलीला एका गाईने शिंगाने बादलीच उडवली. अण्णा आत शिरून प्रत्येकीपुढे गवत टाकत होते, खूर तपासत होते. जनीबाई मात्र कोंडवाड्याच्या दगडी गडग्यावर पाय सोडून बसली होती आणि माझी गंमत बघत होती. "अगो, जरा हात लाव की!" मी ओरडले. ती म्हणाली, "मी कशाला? कोंडलीस तू, आता तुझीच हायत ती."

वाडीवर 'तुम्ही' हा शब्द फारसा चालत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जनीबाई तहसीलदारांनाही 'तू' म्हणते. माझा तिळपापड झाला. अण्णा मात्र तोंड फिरवून हसत होते. पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांनी पेण आणि रोहा तालुक्यांत आयुष्य काढलं होतं आणि निवृत्त होऊन दहा-एक वर्षं झाली होती. राहायला जोह्याला. सकाळी बसने पेण गाठायचं, पेणहून पॅसेंजरने निडीला उतरायचं आणि तिथून पायी वाडीवर यायचं, हा त्यांचा आठवड्यातून दोनदाचा नेम होता. कुणी पाठवलं म्हणून नव्हे. "सवय आहे," एवढंच ते सांगत.

जनावरं ताकीद देऊन सोडली आणि अण्णांना चहा दिला. तेव्हा त्यांनी विचारलं, "गुरं लावणीत का शिरली असतील?" मी म्हटलं, "मोकाट सोडतात म्हणून." "मग सोडायची कुठे?" "गुरचरण आहे की! पण तेही म्हणे कुणी वापरत नाही." आणि माझी हुशारी दाखवायला मी पुढचंही बोलून गेले. एका कंपनीने गोदामासाठी तीच जागा मागितली होती. वरच्या कचेरीने गुरचरणाबद्दल पंचायतीचा अभिप्राय विचारला होता. मी नकाशा पाहून, खुर्चीत बसूनच लिहून पाठवलं होतं : सदर जमीन पडीक असून चराईसाठी वापरात नाही.

अण्णांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "तुम्ही तिथे गेला होतात?"

"नकाशा पाहिला ना."

"उद्या दुपारी बारा वाजता गोठणीवर या. छत्री आणा." एवढं बोलून ते उठले. रागाचा एक शब्द नाही. खरं सांगते, दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

गोठण म्हणजे दुपारी गुरं विसाव्याला बसतात ती जागा. आमच्या गुरचरणाच्या कडेला ओढ्याजवळ तीन मोठे आंबे आहेत, त्यांच्या सावलीत. दुसऱ्या दिवशी गेले आणि बघतच राहिले. वाडीवरच्या, आजूबाजूच्या पाड्यांवरच्या गायी, म्हशी, शेळ्या, झाडून सगळी जनावरं तिथे रवंथ करत बसली होती. ज्या जमिनीवर चराई होत नाही असं मी सही करून कळवलं होतं, त्या जमिनीवर! वरचा माळ हिरवागार दिसत होता. स्वतःचीच समजूत घालावी तशी मी म्हणाले, "पण चारा तर भरपूर आहे की!" अण्णांनी खाली वाकून एक रोप उपटलं आणि माझ्या हातात दिलं. टाकळा होता. "हे हिरवं तुम्ही खा, भाजी करून. गाय तोंड लावत नाही."

मग त्यांनी सगळा माळ फिरवून दाखवला. दर फाल्गुनात वाडीवरचे लोक माळ जाळत. जाळल्यावर कोवळं गवत येतं आणि गोचीड मरतात, असा त्यांचा समज. पाऊस पडला की कोंब वीतभर व्हायच्या आत गुरं तुटून पडत. बी धरायला गवताला सवडच मिळत नसे, म्हणून गवत हटत गेलं आणि टाकळा पसरत गेला. वर पोट भरत नाही म्हटल्यावर गुरं खाली भाताकडे उतरणारच. जनीबाई शेजारी बसून ऐकत होती. तिच्या दोन गायी आणि सात शेळ्या. मी विचारलं, "ही जागा गेली तर काय करशील?" ती सरळ म्हणाली, "इकीन. काय करणार? शेळ्या हायत म्हणून मी घरी हाय गो. नायतर दिवाळी झाली का इटभट्टीवर, सगला संसार डोक्यावर घेऊन. पाऊस आला का परत."

अभिप्राय मागे घ्यायला मी वरच्या कचेरीत गेले, तर उत्तर मिळालं : पत्र नोंदवून पुढे गेलं आहे, पुढच्या वर्षी दिवाळीनंतर साहेब स्वतः स्थळपाहणी करतील, तेव्हा जागेवर जे दिसेल ते दिसेल. म्हणजे हातात एक वर्ष आणि वर तीनेक महिने होते. तेवढ्यात हे गुरचरण वापरात आहे आणि नीट राखलेलं आहे, असं उघड्या डोळ्यांना दिसायला हवं होतं. नाहीतर जनीबाईसारखी सगळी घरं भट्टीवर जाणार होती आणि त्यांना तिथे धाडणारी सही माझी असणार होती.

अण्णांनी वाडीवर ही बातमी सांगितली तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. अण्णा म्हणाले, "कचेरीतून काहीतरी चुकीचं लिहून गेलंय. आपण ते दुरुस्त करायचं." कुणी लिहिलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही तोंड उघडलं नाही.

अण्णांची काम करण्याची रीत मी त्या वर्षात शिकले. आमच्याकडे ग्रामसभा कचेरीत सकाळी अकराला होई. त्या वेळी वाडीवरचे लोक गुरांमागे डोंगरात असत. त्यामुळे सभेला कोणी येत नसे आणि आम्ही खुशाल म्हणत असू, या लोकांना गावाच्या कामात रसच नाही. वाडीवर विचारलं की उत्तर मिळे, "आमी सभंला आलो तर गुरा कोण बघंल?" अण्णा म्हणाले, "मग सभाच गुरांकडे न्या." मी म्हटलं, "असं कसं? नियम असतात." ते म्हणाले, "वाचा की नियम." वाचले. ग्रामसभा आळीपाळीने वाड्यांवर घेता येते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. इतकी वर्षं नोकरी करून ते मला अण्णांनी वाचायला लावलं! सरपंचांनी होकार दिला आणि आमची ग्रामसभा दुपारी बाराला गोठणीवर भरली. एका करडाने हजेरीपटाचा कोपरा खाल्ला. तो कोपरा नसलेला हजेरीपट आजही पंचायतीच्या दप्तरात आहे आणि मी तो कुणालाही अभिमानाने दाखवीन.

त्या सभेत अण्णा फार बोलले नाहीत. ते प्रश्न विचारत आणि गप्प बसत. गवत कधी बी धरतं? पाणी कुठपर्यंत टिकतं? म्हातारी जनावरं किती वर चढतात? उत्तरं वाडीवरच्या लोकांनी दिली आणि ठरावही त्यांच्याच तोंडून आला. माळाचे तीन भाग करायचे. दर पावसाळ्यात एक भाग बी गळेपर्यंत बंद ठेवायचा, दिवाळीनंतर उघडायचा आणि मग पुढच्या वर्षी दुसरा. माळ जाळायचा नाही. टाकळा फुलायच्या आधी उपटायचा, आणि ते काम पंचायतीने रोजगार हमीतून द्यायचं. गोचिडाचं काय, असं जनीबाईने विचारलं, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून सांगितलं, दवाखान्यातून औषध आणायची जबाबदारी पंचायतीची. आणलंही. त्या फाल्गुनात आमच्या माळावर एक काडी पेटली नाही.

अण्णांना राग येत नाही, असा बऱ्याच जणांचा समज आहे. येतो. एका शब्दाचा येतो. कोलाडला पशुपालकांचं शिबिर होतं. तिथे एक तरुण अधिकारी सारखं 'या अडाणी लोकांना' असं म्हणत होते. अण्णा उठले, एक शेळी त्यांच्यापुढे आणून उभी केली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "साहेब, हिचं वय सांगता?" साहेबांनी शिंगं पाहिली, शेपूट पाहिली, अंदाजाने काहीतरी सांगितलं. जनीबाईने शेळीचा ओठ वर केला, दात पाहिले आणि वय तर सांगितलंच, वर शेळी गाभण आहे हेही सांगितलं. अण्णा म्हणाले, "आता पुढचं बोलू या." त्यानंतर तो शब्द शिबिरात पुन्हा निघाला नाही. ते अधिकारी आता अण्णांचे चांगले स्नेही आहेत आणि त्यांचाही लेख या ग्रंथात आहे, म्हणून नाव सांगत नाही.

त्यांच्या घरच्या मायेबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्या पहिल्याच पावसाळ्यात मी रोह्याच्या भाड्याच्या खोलीत तापाने फणफणले होते. कुणाला कळवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी अण्णा दारात हजर. हातात डबा. त्यांच्या पत्नी मालतीकाकींनी तांदळाची पेज आणि सुकटीची चटणी पाठवली होती. मी म्हटलं, "अण्णा, श्रावण आहे, सुकट कशी खाऊ?" अण्णा म्हणाले, "काकी म्हणाल्या, ताप उतरल्यावर देवाची माफी त्या मागतील. तुम्ही जेवा." जेवले. ताप उतरला. काकींनी माफी मागितली की नाही ते मी विचारलेलं नाही.

आता येते ती गोष्ट, जिच्यामुळे अण्णांना वाडीवर अजून चिडवतात. बंद भागाच्या कडेला अण्णांनी 'चराई बंद' असा बोर्ड लावला होता, शिवाय खुणेचे दगड लावायचे होते. चुना मारला तर पहिल्या आठवड्यात धुऊन जाणार. अण्णांच्या धाकट्या भावाचा जोह्याला गणपतींचा कारखाना आहे. तिथले उरलेसुरले रंगाचे डबे अण्णांनी उचलले, निडीपर्यंत पॅसेंजरमधून आणले आणि ज्येष्ठात बसून एकेक दगड रंगवला. जोह्याचा माणूस, वरून वॉर्निशचा हात द्यायला विसरला नाही. पण डब्यांत सगळ्यात जास्त उरलेला रंग कोणता? शेंदरी. माळाच्या कडेने वीसेक शेंदरी दगड ओळीने झळकू लागले. बाहेरून जाणाऱ्या कुणाच्या मनात काय येईल, हे अण्णांच्या डोक्यातच आलं नाही.

पावसाळाभर त्या दगडांच्या आत एकही जनावर गेलं नाही. आम्ही दोघं खूश. दिवाळी झाली. स्थळपाहणीचं पत्र आलं, पुढच्या गुरुवारी साहेब येणार. मी धावत माळावर गेले आणि माझी पाचावर धारण बसली. बंद भागातलं गवत कमरेपर्यंत वाढून पिवळं पडलं होतं आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. दगडांपुढे नारळाच्या करवंट्या, झेंडूची फुलं, उदबत्तीच्या काड्या. गुरं सगळी बाकीच्या दोन भागांत, तिथलं गवत जमिनीला टेकलेलं. जनीबाईच्या शेळ्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. उघडायची मुदत होऊन आठवडा उलटला होता. मी जनीबाईला विचारलं, "अगो, आत का सोडत नाहीस?" तर ती नुसती दगडांकडे बघून म्हणाली, "आता नाय."

मी तिथूनच अण्णांना फोन लावला. पहिल्या गाडीने ते आले. दगडांपुढची फुलं एकेक करून पाहिली. "बाई, हा घोळ मी घातला," ते म्हणाले. "साहेब येतील, उभं गवत बघतील आणि लिहितील, इथे कोणी चारत नाही. तुमच्या पत्रातलं वाक्य खरं ठरेल." तेवढं एकदाच त्यांनी त्या पत्राला 'तुमचं' म्हटलं, आणि तोही आम्ही दोघंच असताना.

मग अण्णा गोठणीवर गेले. सगळी वाडी जमली होती. सत्तरीच्या घरातला माणूस, उभ्या तालुक्यात ज्यांना मान, ते हात जोडून म्हणाले, "माझी चूक झाली. हा देव नाही. भावाच्या कारखान्यातला गणपतीचा रंग आहे, मी माझ्या हाताने लावलाय. तुमच्या श्रद्धेला धक्का लागला असेल तर मला माफ करा, पण गुरं आत सोडा."

मग जनीबाई फिस्सकन हसली आणि तिच्यामागे सगळी गोठण हसायला लागली.

"अण्णा, आमाला काय येडा समजतोस? रंग गणपतीचा हाय ता आमाला म्हाईत नाय? जोह्याला कारखान्यात आमच्याच पोरी काम करतात. सोंडेला ह्योच रंग लावतात."

"मग हे नारळ?"

"ते आमच्यासाठी नायत. पलीकडल्या गावचे चाळीस म्हशी घेऊन येतात, तुझा बोरड कोण वाचतो? आमी दोन नारळ फोडले, फुला वाहिली. एक म्हैस आली नाय आत."

मी म्हटलं, "अगो बाई, मग आता मुदत संपली तरी गवत का राखून ठेवलंस? शेळ्या बघ तुझ्या!"

यावर ती गंभीर झाली. "सायेब येणार ना? त्याला दाखवाया राखलाय. आमी किती चांगला राखतो ता त्यानं बघाया नको? चार दिस शेळ्या उपाशी रायल्या तर मरत नायत."

तेव्हा मला रडू आलं. लपवत नाही. साहेबांना दाखवायला म्हणून त्यांनी स्वतःच्या जनावरांच्या तोंडचा घास काढून ठेवला होता, आणि तेच गवत त्यांच्या विरुद्ध जाणार होतं. अण्णांनी तिला समजावलं, "जने, साहेबाला गवत दाखवायचं नाही. गवत खाणारी गुरं दाखवायची." ते तिला लगेच पटलं. त्याच दुपारी आत जायच्या वाटेवर दोन दगडांमध्ये बांधलेली दोरी अण्णांनी सोडली आणि गुरं आत गेली. उंच गवत विळ्याने कापून भारे बांधले, ते उन्हाळ्यासाठी रचून ठेवले. तीन दिवस मीही कापत होते. माझ्या विळ्याच्या हाताला वाडीवर अजून हसतात.

गुरुवारी साहेब आले ते बरोबर बाराला, कारण मी तसं पत्रातच कळवलं होतं. गोठणीवर गुरं बसलेली, माळाच्या एका भागात चरणारी, कडेला गवताच्या रचलेल्या गंजी, ओढ्याला पाणी. साहेब सगळं फिरून आले आणि शेंदरी दगडापाशी थांबले. "हे कोणतं दैवत?"

सगळे अण्णांकडे बघायला लागले. अण्णा खोटं बोलत नाहीत आणि खरं सांगितलं तर वाडीची युक्ती उघडी पडते. बिचारे छत्री उघडायला लागले. ऊन होतं, म्हणा. तेवढ्यात जनीबाई पुढे झाली.

"सायेब, ह्यो राखणदार हाय. चार म्हैने उभा रातो, पगार मागत नाय, रजा मागत नाय."

साहेब हसले. मग अण्णांनी छत्री मिटली आणि रंगापासून नारळापर्यंत सगळं खरं खरं सांगून टाकलं. पलीकडच्या गावचे दोघे तिथे उभे होते, तेही हसले. पुढच्या वर्षी त्यांनी अण्णांना आपल्या गुरचरणासाठी बोलावून नेलं. साहेबांनी ग्रामसभेचा ठराव मागितला. मी दिला, कोपरा खाल्लेल्या हजेरीपटासकट. त्यांनी तिथेच दगडावर बसून शेरा लिहिला : गुरचरण प्रत्यक्ष वापरात असून ग्रामसभेने उत्तम राखले आहे. कंपनीने दुसरीकडे जागा घेतली. जनीबाई त्या दिवाळीनंतर भट्टीवर गेली नाही. त्यानंतरच्याही नाही.

या गोष्टीला काही वर्षं झाली. आता लावणीत गुरं शिरल्याची तक्रार क्वचितच येते आणि कोंडवाड्यात पंचायत शेणखत साठवते. कोलाडच्या बाजूच्या आणखी काही पंचायतींनी तसेच ठराव केले आणि अण्णा तिकडेही जाऊन आले. माझी बदली झाली, पण दिवाळीनंतर दोरी सोडायच्या दिवशी मी रजा काढून जातेच. दर वर्षी ज्येष्ठात दगड रंगवायचे आणि दिवाळीनंतर अण्णांच्या हातूनच दोरी सुटायची, असा आता वाडीवर रिवाजच पडला आहे.

हा लेख लिहायच्या आधी मी वाडीवर जाऊन आले. एक ओझं उतरवायचं होतं. अण्णांनी आजवर 'कचेरीतून कुणीतरी' एवढंच म्हटलं. काकींनाही सांगितलं नाही, हे मी काकींकडूनच काढून घेतलं. पण गौरवग्रंथात त्यांच्या मनाचा मोठेपणा लिहायचा आणि तो ज्या चुकीवर उभा आहे ती झाकायची, हे मला जमेना. मी जनीबाईसमोर बसून सांगून टाकलं, "ते पत्र मी लिहिलं होतं. गुरचरण वापरात नाही, असं."

तिने शेळीच्या पायातला काटा काढला, मग मान वर केली. "म्हाईत हाय गो."

"अण्णांनी सांगितलं?"

"अण्णा कशाला सांगतोय? तुझ्या शिपायानं सांगितला, त्याच आठवड्यात. पन तू कोंडवाड्यात साडी भिजवून पाणी पाजलंस ना, मी म्हटला, ऱ्हाऊ दे. शिकंल."

वाडीला सगळं माहीत होतं. तरी वर्षभर मला त्यांनी आपल्यात बसवलं, भाकरी दिली, चिडवलं. कुठून आली ही रीत, असा विचार करत मी घरी आले, आणि मला कोंडवाड्याच्या दारातले, खांद्यावर भारा घेतलेले, एकही कडवा शब्द न बोलणारे अण्णा आठवले. मग वाटलं, अण्णांनी वाडीला शिकवलं की वाडीने अण्णांना, हे आता त्या दोघांनाही सांगता येणार नाही. अण्णा, ते पत्र माझं होतं. तुम्ही झाकलंत, म्हणून आज ते माझ्या हाताने छापून जाऊ दे.

यंदा अण्णांचे गुडघे कुरकुरताहेत. डॉक्टरांनी चढ चढू नका म्हणून सांगितलं आहे. मी जनीबाईला म्हटलं, "या वर्षी दोरी तूच सोड, अण्णांना जमणार नाही." ती माझ्यावर अशी उखडली की माझा संयम बरा. वाडीवरच्या बायकांनी ठरवून टाकलं आहे : गोठणीपासून दोरीपर्यंतची वाट कुदळीने सपाट करायची, मध्ये बसायला दोन दगड मांडायचे, आणि अण्णा पोचेपर्यंत एकही जनावर आत सोडायचं नाही.

अण्णा, या ग्रंथात थोरामोठ्यांनी तुम्हाला उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर मागितलं आहे. त्यात माझंही मागणं मिळवा, काकींसाठीही मिळवा. बाकीचा निरोप जनीबाईचा आहे. तिच्या तोंडचा आहे तसाच देते :

"अण्णाला सांग, गुडघ्याला तेल लाव, पन ये. ह्या साली ये, पुढल्या साली ये, आनि त्याच्या पुढल्या साली पन तूच ये. आमी थांबू रं, पन शेळ्या थांबायच्या नायत."